डोंगरात रिमझिम पावसात निसर्गाचे फोटो कसे काढावेत?

पाऊस भुरभुरायला लागला की कॅमेरा बॅगेत टाकावा का, आणि ओल्यात काढलेले फोटो इतके फिके का येतात, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, खरी गंमत तिथे आहे.

पान, कातळ, शेवाळ, सगळ्यावर पाण्याचा पातळ थर बसलेला असतो आणि त्यात ढगाळ आभाळ चमकतं. हिरव्यावर जी पांढुरकी झाक दिसते ती हीच. यावर सर्क्युलर पोलरायझर लावा, म्हणजे लेन्सपुढे बसणारा, चमक कापणारा फिरता फिल्टर. समोर ओला कातळ घेऊन फिल्टरची कडी हळूहळू फिरवत राहिलात तर एका जागी चमक विरते आणि खालचा तांबूस दगड, त्यावरचे शेवाळाचे ठिपके एकदम उठून दिसतात. नंतर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, कितीही वाढवलं तरी हे मिळत नाही, कारण चमकेखालचा तपशील मुळात टिपलेलाच नसतो. मात्र दर वेळी पूर्ण फिरवू नका. पायवाटेवरची सगळीच चमक गेली तर पाऊस होता हेच फोटोत कळत नाही. फिल्टर १ ते २ स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायचा.

धुक्यात कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं. ते सगळं मधल्या करड्या छटेचं धरून चालतं, म्हणून पांढरं धुकं मळकट येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा याची सेटिंग) +०.७ ते +१ वर न्या आणि रॉमध्येच, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा राखणाऱ्या फाइलमध्येच, काढा. पावसाच्या रेषा हव्या असतील तर मागे गडद झाडी घ्या आणि शटरचा वेग १/६० ते १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवा. आभाळ तर सरळ फ्रेमबाहेर काढा, अशा दिवशी ते नुसता पांढरा कागद असतं. वाइड लेन्सपेक्षा मला अशा वेळी ७०-२०० मिमीची झूम लेन्स आवडते. धुक्यात एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा तिच्यात छान बसतात. शिवाय तिचा हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी, खोल असतो.

हूडचं महत्त्व अशासाठी, की रिमझिमीत कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षा लेन्सची पुढची काच जास्त छळते. तिच्यावरचा एक थेंब म्हणजे फोटोत एक धुरकट डाग, आणि एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, तो आणखी ठळक होतो. वारा पाठीशी घेऊन उभे राहा, दोन फोटोंच्या मध्ये लेन्स जमिनीकडे वळवून ठेवा. मायक्रोफायबरची फडकी दोन-तीन तरी हवीत, तीही आतल्या खिशात. ओलं फडकं पाणी फक्त पसरवतं.

बॉडीसाठी प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि हूडवर रबरबँड, एवढ्याने भागतं. वेदर-सील्ड (सांधे पाणी-धुळीपासून झाकलेली) बॉडी म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, आणि लेन्स सील्ड नसेल तर त्याही सीलिंगला फारसा अर्थ नाही. पावसात लेन्स बदलू नका. मोबाइलचा स्क्रीन ओला झाला की टच वेड्यासारखा वागतो. बहुतेक फोनमध्ये व्हॉल्यूमच्या बटणाने क्लिक करता येतं.

तेव्हा रिमझिमीत कॅमेरा बाहेरच राहू द्या. मुक्कामी उबदार खोलीत शिरण्याआधी मात्र तो पुसून झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर दिवसभर पावसाने जे केलं नाही ते आत धरलेलं दव करतं. आणि ढग गडगडू लागले तर फ्रेम कितीही जमून आलेली असो, ट्रायपॉड मिटवा आणि डोंगराच्या धारेवरून खाली उतरा.