राजकारण : त्यातला राजा आणि त्यातलं कारण

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'राजे गेले, संस्थानं गेली, तरी आपण राजकारणच म्हणतो. हिंदीसारखं राजनीती म्हटलं तर निदान शब्दात तरी नीती राहील. आणि राजकारणाचा खरा अर्थ कोणता धरायचा? समाजाचा कारभार चालवणं, की एकमेकांवर कुरघोड्या करणं? पहिला अर्थ मूळचा आणि दुसरा नंतर बिघडून आलेला, असं म्हणता येईल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. तसं म्हणता येणार नाही. पण तिथवर पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल.

राजाचा मुद्दा किरकोळ आहे. शाई हा शब्द फारसीतल्या काळेपणावरून आला, तरी आपण बिनदिक्कत 'लाल शाई' म्हणतो. तेल मूळचं तिळाचं, तरी करडईचं तेल म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. शब्द रुळला की त्यातलं मूळ दगडातल्या शिंपल्यासारखं होऊन बसतं. दिसतं, पण जिवंत नसतं. आणि राजावर एवढा राग असेल तर लोकशाहीतल्या 'शाही'चं काय करायचं? तिथे तर साक्षात शहा बसला आहे.

खरी गंमत उत्तरपदात, म्हणजे शब्दाच्या दुसऱ्या भागात आहे. आजच्या मराठीत 'कारण' म्हटलं की आपल्याला 'का?' या प्रश्नाचं उत्तर आठवतं: उशीर का झाला, पाऊस का लांबला. पण मराठीत या शब्दाला आणखी एक जुनं अंग आहे, ते म्हणजे प्रयोजन, काम. 'पैसा सत्कारणी लागला', 'देह कारणी लागला' यात ते अजून जिवंत आहे. जुन्या मराठीत 'तुजकारणें' म्हणजे तुझ्यासाठी. म्हणजे कारण मागेही पाहतं आणि पुढेही: कशामुळे आणि कशासाठी. राजकारणातलं कारण हे या दुसऱ्या जातीचं आहे. राज्यासाठी करायचं काम, राज्याचं प्रयोजन. अर्थकारण, समाजकारण, धर्मकारण, सत्ताकारण ही पुढची भावंडं त्याच साच्यातली. शेजारी गुजरातीतही राजकारण आहे, कन्नडमध्येही आहे, आणि दोन्हीकडे राजकारणीही आहेत.

आता राजनीती. तिच्यात नीती आहे म्हणून ती सोवळी, हा कानाला झालेला भास आहे. नीती हा शब्द 'नी' या धातूचा, म्हणजे आपल्या 'नेणे'चा. नेता, नायक त्याच घरचे. नीती म्हणजे नेण्याची रीत. सदाचार हा तिचा पुढे पक्का झालेला एक अर्थ. कूटनीती, युद्धनीती, रणनीती यांत कुठला सदाचार शोधणार? साम, दाम, दंड, भेद हे चारही उपाय राजनीतीचेच, आणि त्यातला भेद म्हणजे समोरच्यांत फूट पाडणं. कौटिल्याने आन्वीक्षिकी (तर्कविद्या), त्रयी (तीन वेद), वार्ता (शेती-व्यापार) आणि दंडनीती (राज्य चालवण्याची विद्या) अशा चार विद्या सांगितल्या. त्यातली शेवटची ही आपल्या विषयाची. दंड नसेल तर काय होतं हे सांगताना तो मात्स्यन्यायाचा दाखला देतो: मोठा मासा लहान माशाला गिळतो. (इथला न्यायही कोर्टातला नव्हे, काकतालीय न्यायातला, म्हणजे दाखला किंवा रीत या अर्थाचा. नीती आणि न्याय या जोडीने जितकी माणसं फसली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दांनी फसली असतील.)

तेव्हा राजनीती हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, मराठीत तो आहेच. पण तो 'कसं न्यायचं' हे सांगतो, 'कशासाठी' हे सांगत नाही. त्या मानाने आपला शब्द मला जास्त सखोल वाटतो. हा मराठीचा अभिमान समजून सोडून दिलात तरी चालेल.

हिंदीच्या वाटेने जाताना एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. उत्तरेत एखाद्या शाळेवर 'राजकीय विद्यालय' अशी पाटी दिसली तर तिथे पुढारी घडवत नाहीत. ती सरकारी शाळा आहे. संस्कृतातला राजकीय म्हणजे राजाचा, त्यावरून हिंदीत राज्याचा, सरकारचा. आपण तोच शब्द राजकारणाचं विशेषण म्हणून वापरला आणि सरकारी कामासाठी शासकीय वेगळा ठेवला. म्हणून हिंदीतला 'राजकीय सम्मान' मराठीत 'शासकीय इतमाम' होतो. बातम्यांच्या घाईघाईतल्या अनुवादात हे रोज चुकतं.

आता मुख्य प्रश्न. कारभार हा मूळ अर्थ आणि डावपेच हा बिघाड, असा क्रम लावायला आपल्याला आवडतं, कारण त्यात एक हरवलेला सुवर्णकाळ मिळतो. कागद तसं सांगत नाहीत. मराठेशाहीतल्या पत्रांत आणि बखरींत राजकारण हा बरेचदा मोजता येणारा जिन्नस असतो. एखादं राजकारण येतं, शिजतं, फसतं. अनेकवचनी राजकारणं चालतात. किल्ला लढून घेतला की राजकारण करून घेतला, हा तिथे सरळ फरक आहे. राजकारण करून म्हणजे आतल्या माणसाशी संधान बांधून, बोलणी करून. तलवार न काढता साधलेलं काम. त्यात गुप्तता आहे, चातुर्य आहे, आणि त्याबद्दल कुणी लाजत नाही.

याहून बोलका दाखला दासबोधात आहे. अकराव्या दशकातला पाचवा समास राजकारणावरच आहे. 'मुख्य हरिकथा निरूपण । दुसरें तें राजकारण' ही ओवी सगळ्यांना पाठ असते, पण शब्दाच्या अर्थासाठी मला त्याच समासातली पुढची एक ओवी महत्त्वाची वाटते:

राजकारण बहुत करावें । परंतु कळोंच नेदावें ।
परपीडेवरी नसावें । अंतःकरण ॥

पुष्कळ करावं, पण कळू देऊ नये. म्हणजे आज ज्याला आपण शब्दाचा बिघाड म्हणतो, ते लपवणं सतराव्या शतकातच शब्दाच्या पोटात आहे, आणि तेही उपदेश म्हणून. पण ओवी तिथे थांबत नाही. उरलेल्या अर्ध्या ओवीत अट घातली आहे: मन दुसऱ्याला पीडा देण्यावर नसावं. लोक पहिली अर्धी ओवी हसत हसत सांगतात आणि दुसरी गिळतात. त्यापुढच्याच ओवीचा शेवट 'पुन्हा मेळऊन घ्यावे । दुरील दोरे' असा आहे. दूर गेलेले धागे पुन्हा जुळवून घ्यावेत. रामदासांना राज्याचं राजकारण अभिप्रेत होतं की समुदाय बांधण्याचं, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादात मी पडत नाही. शब्दाच्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे की डाव टाकणं आणि तुटलेलं सांधणं ही दोन्ही कामं एकाच शब्दाखाली, एकाच समासात, शेजारीशेजारी बसली आहेत. त्यांची फारकत पुढे आपण केली.

ती कशी केली, हे कोशापेक्षा आपल्या रोजच्या वाक्यांत जास्त नीट दिसतं. क्रियापद बदलून पाहा. 'त्या राजकारणात आहेत' या वाक्यात निंदा नाही. वकिलीत आहेत, शेतीत आहेत, तसंच. 'त्या राजकारण करतात' म्हटलं की लगेच वास बदलतो. सप्तमीत असताना राजकारण हे क्षेत्र असतं, कर्म झालं की कारस्थान. आता पुरुष बदला. 'तो राजकारण करतो' सर्रास, 'तू राजकारण करतोयस' भांडणात, पण 'मी राजकारण करतो' असं शांतपणे म्हणणारा माणूस शोधावा लागेल. मी भूमिका घेतो, मी बाजू मांडतो, मी सगळ्यांशी बोलून ठेवतो. तेच समोरच्याने केलं की ते राजकारण. प्रथमपुरुषी जवळजवळ न चालणारं क्रियापद म्हणून व्याकरणात त्याला वेगळी जागा द्यायला हरकत नाही. शिवसेनेची 'ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण' ही घोषणा आठवा. राजकीय पक्षालाही राजकारणाचं प्रमाण कमी करून सांगावं लागतं, इतका हा शब्द अवघडल्यासारखा झाला आहे.

हे मराठीपुरतंच आहे असं मात्र नाही, आणि इतर भाषांनी हा व्यवहार कुठल्या चित्रातून पाहिला हेही बघण्यासारखं आहे. उर्दूतला सियासत हा अरबी शब्द ज्या धातूचा, त्याच धातूचा आपला सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. राज्य करणं म्हणजे दाणापाणी करणं, खरारा करणं आणि लगामही धरणं. इंग्रजीतला पॉलिटिक्स हा ग्रीक पोलिस या शब्दावरून आला, आणि पोलिस म्हणजे नगरराज्य. आपला खाकी वर्दीतला पोलीसही फिरत फिरत त्याच घरातून आला आहे. सरकारची पॉलिसीही तिथलीच. विम्याची पॉलिसी मात्र नावापुरती बहीण, तिचं मूळ वेगळं. आपला मुत्सद्दी हा शब्द तर बढती मिळालेला आहे. मूळ अर्थ कामावर नेमलेला कारकून, अंमलदार. मराठीत तो राज्य तारणारा धोरणी माणूस झाला. राजकारणी शब्दाच्या नशिबी नेमकं उलटं आलं.

ॲरिस्टॉटलने माणसाला पोलिसमध्ये राहणारा प्राणी म्हटलं, हे नेहमी सांगितलं जातं. पण त्याचं कारण तो काय देतो, ते कमी सांगितलं जातं. मधमाश्याही कळपाने राहतात. दुःख झालं की ओरडायला आवाज सगळ्याच प्राण्यांना असतो. माणसाला वाणी आहे, आणि तिने तो हिताचं-अहिताचं, न्याय्य-अन्याय्य यांबद्दल बोलू शकतो. म्हणजे राजकारणाची सुरुवात त्याने सत्तेपासून नाही, बोलण्यापासून केली. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला हे आवडणारच. (त्याच भाषेतल्या 'इडिओटीस'वरून सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला ग्रीक लोक मूर्ख म्हणत, ही गोष्ट फार फिरते. शब्दाचा अर्थ खासगी माणूस, पदावर नसलेला, एवढाच होता. मूर्खपणा त्याला नंतर चिकटला.)

१९३६ मध्ये हॅरल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने राजकारणाची जी व्याख्या पुस्तकाच्या शीर्षकातच करून टाकली, ती चार प्रश्नांची आहे: कोणाला, काय, केव्हा, कसं मिळतं. सुटसुटीत आहे, आणि कुरघोड्यांसकट सगळं त्यात मावतं. फक्त 'कशासाठी' हा पाचवा प्रश्न तिच्यात नाही, आणि तो आपल्या शब्दात आधीपासून आहे.

माझ्या अनुभवातला एक प्रसंग सांगतो. एका गृहनिर्माण सोसायटीची सभा होती. विषय जुनी लिफ्ट बदलण्याचा. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे? वरचे म्हणाले, इमारत सगळ्यांची, लिफ्टही सगळ्यांची. एका काकूंनी सुचवलं की मजल्याप्रमाणे हिस्सा चढता ठेवा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी थोडा तरी हिस्सा द्यायची तयारी दाखवली, पण त्याबदल्यात पार्किंगचा जुना विषयही आज घ्या म्हणाले. आता कुठे गोष्ट हलायला लागली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, 'यात राजकारण आणू नका!' सगळे एकदम गप्प. सभ्य माणसांना लाज वाटायला लावणारं याहून छोटं वाक्य मराठीत नसेल. पार्किंगही राहिलं, लिफ्टही राहिली.

चार दिवसांनी सेक्रेटरींनी इतिवृत्ताचा मसुदा भाषा तपासायला माझ्याकडे पाठवला. त्यात होतं: 'सदर विषयात राजकारण झाल्याने निर्णय तहकूब करण्यात आला.' मी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि 'झाल्याने'च्या जागी 'न झाल्याने' लिहिलं. त्यांचा लगेच फोन आला, 'अहो, इथे चुकून न पडलाय बहुतेक.' मी म्हटलं, चुकून नाही. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पण हे सहकार खात्याकडे जाणार हो.' शेवटी आम्ही 'एकमत न झाल्याने' वर तडजोड केली.