वाचकांचे प्रश्न : तांब्याच्या तारेवरचा फोन इंटरनेटवर नेताना

प्रश्न : दांडिया बाजारात आमचे पंप व मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान असून मकरपुऱ्यात गोदाम आहे. दुकानात चार लँडलाइन, जुना ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइनी आतल्या फोनांना जोडून देणारे यंत्र) आणि बारा एक्स्टेन्शन म्हणजे आतले फोन आहेत. पावसाळ्यात लाइनमध्ये खरखर सुरू होते आणि एखादी लाइन आठवडाभर मुकीच राहते. इंटरनेटवरून चालणारे फोन घ्या, असे सगळे सांगतात. पण पाद्रा, डभोई, करजण येथील गिऱ्हाइकांना आमचा एकच जुना क्रमांक पाठ आहे. तो टिकेल का? वीज गेल्यावर काय होईल? सगळी यंत्रे बदलावी लागतील का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपण क्रमांकाचा प्रश्न आधी विचारलात, हे योग्यच झाले, विक्रेते मात्र त्याबद्दल बहुधा सर्वांत शेवटी बोलतात. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची जी सोय मोबाइलला २०११ पासून देशभर मिळाली, ती लँडलाइनला नाही. त्यामुळे आपला ०२६५ चा क्रमांक ज्या कंपनीचा आहे, तिच्याच फायबर जोडणीवर तो नेता येईल का, हे प्रथम तिच्याकडून लेखी घ्यावे. ते जमत नसेल आणि दुसऱ्या कंपनीकडे जायचे असेल, तर चारपैकी तीन लाइन सोडाव्यात, जुन्या क्रमांकाची एक लाइन ठेवावी आणि तिच्यावरचे फोन नव्या क्रमांकाकडे वळवावेत. दरमहा थोडे भाडे जाईल, पण पाठ असलेला क्रमांक गमावण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. नवी व्यवस्था महिनाभर नीट चालल्याशिवाय जुनी लाइन सोडण्याचा अर्ज देऊ नये. त्याच तारेवर आपले ब्रॉडबँड असेल, तर अर्जासरशी तेही बंद होईल.

विजेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंज स्वतःच सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह पाठवते, म्हणून अंधारातही जुना फोन वाजत असे. (आपल्या ईपीएबीएक्सला वीज लागतेच, पण ती गेल्यावर एखादी बाहेरची लाइन थेट ठरावीक फोनला जोडून देण्याची सोय त्यांपैकी बहुतेकांत असते.) काचेच्या फायबरमधून असा प्रवाह येत नाही. तेव्हा भिंतीवरची फायबरची पेटी, राउटर, नेटवर्कचा स्विच आणि ईपीएबीएक्स ही चारही यंत्रे यूपीएसवर हवीत. संगणक यूपीएसवर आणि फायबरची पेटी मात्र साध्या प्लगवर, असा प्रकार मी अनेक दुकानांत पाहिला आहे. मग बिल निघते आणि फोन मुका राहतो.

यंत्रे बदलण्याची घाई करू नका. इंटरनेटवरचा फोन जुन्या यंत्रांना चालेल अशा रूपात देणाऱ्या, व्हीओआयपी गेटवे नावाच्या पेटीच्या तारा ईपीएबीएक्सवर बाहेरच्या लाइनच्या जागी जोडल्या की बाराही एक्स्टेन्शन आणि भिंतीतले वायरिंग जसेच्या तसे चालते. अशी उपकरणे बनवणारी मॅट्रिक्स कॉमसेक ही कंपनी बडोद्याचीच असल्याने जाणकार कारागीर गावातच मिळावा. चार सुट्या लाइनींऐवजी एक सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून अनेक संभाषणे एकदम नेणारी जोडणी, घेतला, तर एकाच क्रमांकावर एका वेळी चार जण बोलू शकतात. एक लाइन गुंतलेली असेल तर फोन आपोआप दुसरीवर जाण्याला आपल्याकडे आज हंटिंग म्हणतात, त्याचेच काम तो करतो. ही सेवा मात्र परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक क्रमांकांवर उतरवून देणारे जे स्वस्त उद्योग चालतात, ते बेकायदा आहेत.

आवाजाच्या दर्जाबाबत लोक वेगाची चिंता करतात, पण ती बहुधा अस्थानी असते. आवाज इंटरनेटवर पाठवण्याच्या जी.७११ या प्रचलित पद्धतीत एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणजे चारांना मिळून साडेतीनशेच्या आसपास. खरी अडचण होते ती सीसीटीव्हीचे चित्रण किंवा हिशेबाचा बॅकअप वर चढत असताना, कारण आवाजाच्या तुकड्यांना त्या रांगेत थांबावे लागते आणि बोलणे तुटते. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम लावून घ्यावा. आयएसडीची गरज नसेल तर ती बंदच ठेवावी आणि गेटवेचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. चोरटे रात्री परदेशी फोन लावतात आणि बिल आपल्या नावावर येते.

प्रश्न : फायबर घेतल्यापासून आमचा फॅक्स अर्ध्यावर तुटतो. यंत्र बिघडले आहे का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : बहुधा नाही. आवाजाची माहिती दाबून लहान करणाऱ्या जी.७२९ सारख्या पद्धतीत फॅक्सचे सूर बिघडतात. कंपनीला टी.३८ ही इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची खास पद्धत सुरू करायला सांगावे. ते नसेल तर निदान जी.७११ ठेवायला सांगावे. त्याच लाइनवर चोरघंटा जोडलेली असेल, तर तिचीही चाचणी आजच करून पाहावी. फोन लावणाऱ्या जुन्या चोरघंटांना फॅक्ससारखीच अडचण येते आणि त्यांना सिमकार्डाचे यंत्र जोडणे अधिक भरवशाचे.