वाचकांचे प्रश्न : पट्टीची बाकी चुकते कुठे?

प्रश्न : मी बीबीए (सीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन)च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने लासलगावच्या बाजारातल्या कांदा व्यापाऱ्याच्या हिशेबाचा प्रोजेक्ट घेतला आहे. पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती), कपात आणि पेमेंट अशी तीन टेबलं आहेत. एका पट्टीवर २३.४५ क्विंटल कांदा १,६८५ रुपये दराने, म्हणजे रक्कम ३९,५१३.२५. कपातीत हमाली ११८.४०, तोलाई ६२.६५, वाराई ८०. शेतकऱ्याला १५,००० रुपये दोनदा दिले. बाकी ९,२५२.२० यायला हवी, रिपोर्टमध्ये येते १,४६,५५७.४०! मैत्रिणीने डिस्टिंक्ट लावायला सांगितलं, तर २४,२५२.२० आली. चूक कुठे आहे?
— विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : तिन्ही टेबलं तुम्ही एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जोडली आहेत, चूक तिथे आहे. सम (बेरजेची आज्ञा) काढून टाका आणि या एकाच पट्टीच्या ओळी नुसत्या पाहा. सहा ओळी दिसतील. कपातीच्या तीन ओळी आणि पेमेंटच्या दोन यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, दोन्हींचा संबंध फक्त पट्टीशी आहे. मग जॉइन (टेबलं जोडणारी आज्ञा) प्रत्येक कपातीची प्रत्येक पेमेंटशी जोडी लावतो : तीन गुणिले दोन, सहा. पट्टीची रक्कम सहाही ओळींत आली, तिची बेरीज २,३७,०७९.५० झाली. कपात दुप्पट होऊन ५२२.१० झाली, पेमेंट तिप्पट होऊन ९०,००० झालं. वजाबाकी करून पाहा, तुमचाच आकडा मिळेल.

डिस्टिंक्टचा सल्ला बऱ्याच गटांत फिरतो, आणि तो घातक आहे. सम डिस्टिंक्ट सारखे आकडे एकदाच मोजतो. तुमची दोन्ही पेमेंट १५,०००ची, म्हणून त्यातलं एक गायब झालं. पेमेंट १५,००० आणि १४,५०० असती तर उत्तर बरोबर आलं असतं आणि ही चूक थेट परीक्षकासमोर उघडी पडली असती. उद्या कोणी हे सॉफ्टवेअर खरंच वापरलं, तर पैसे शेतकऱ्याचे आहेत. म्हणून हा इलाज प्रोजेक्टमध्ये राहू देऊ नका.

योग्य रीत अशी : आधी कपातीच्या टेबलावर पट्टी क्रमांकानुसार ग्रुप बाय करून, म्हणजे एका पट्टीच्या ओळी एकत्र करून, बेरीज घ्या. पेमेंटची तशीच वेगळी घ्या. आता दोन्हीकडे दर पट्टीला एकच ओळ उरली. या दोन सबक्वेरी (क्वेरीच्या आतल्या क्वेरी) पट्टीच्या टेबलाला जोडा. जोडताना लेफ्ट जॉइनच वापरा, त्यात पट्टीची प्रत्येक ओळ राहते. साध्या जॉइनने ज्यांना अजून एक रुपयाही मिळालेला नाही त्यांच्या पट्ट्या रिपोर्टमधून गळतात, आणि पूर्ण बाकी तर त्यांचीच असते. लेफ्ट जॉइन केला की तिथे नल (रिकामी किंमत) येतो, आणि रकमेतून नल वजा केला की उत्तरही नल. म्हणून दोन्ही बेरजांना कोअलेस लावून नलच्या जागी शून्य घ्या.

तपासायला तीन पट्ट्या पुरतात : एक बिनपेमेंटची, एक एका पेमेंटची, एक सारख्याच रकमेच्या दोन पेमेंटची. तिन्हींची बाकी आधी वहीत काढून ठेवा.

प्रश्न : याच प्रोजेक्टमधलं आणखी एक. देय रक्कम (कपात वजा जाता ३९,२५२.२०) साठवायला फ्लोट (अपूर्णांकाचा एक प्रकार) कॉलम घेतला आहे. तिच्यातून ३०,००० वजा केले की ९२५२.१९९२१८७५ दिसतं. राउंड लावलं तर चालेल का?

उत्तर : दिसायला चालेल, हिशेबाला नाही. फ्लोटमध्ये संख्या द्विमान पद्धतीत राहते आणि अंकांसाठी २४ बिटांइतकीच अचूकता मिळते. ३२,७६८ ते ६५,५३६ या टप्प्यात शेजारच्या दोन फ्लोट संख्यांत १/२५६ रुपयाचं अंतर असतं. वीस पैसे म्हणजे २५६ पैकी ५१.२ भाग. तेवढे नेमके ठेवता येत नाहीत, म्हणून ५१ भाग ठेवले जातात, आणि ५१ भागिले २५६ म्हणजे ०.१९९२१८७५. रक्कम साडेदहा लाखांच्या पुढे गेली की हे अंतर साडेबारा पैशांवर जातं.

पैशाच्या प्रत्येक कॉलमला डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर डेसिमल (१२,२) किंवा पोस्टग्रेस असेल तर न्यूमेरिक (१२,२) द्या, म्हणजे एकूण १२ अंक, त्यांतले दोन दशांश चिन्हानंतर. कॉलमचा प्रकार बदलून जुने आकडे आपोआप सुधारतील असं धरून चालू नका, वजन आणि दरावरून ते पुन्हा काढा. जावात बिगडेसिमल वापरा, पण त्याला आकडा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या. डबल (फ्लोटचाच मोठा भाऊ) दिलात तर डबलमधली चूक जशीच्या तशी आत येते.

वजन किलोत, पूर्णांकात ठेवलंत तर उत्तम : २,३४५. फक्त भागाकार सांभाळा. पोस्टग्रेसमध्ये २,३४५ गुणिले १,६८५ भागिले १०० असं लिहिलं तर पूर्णांकाला पूर्णांकाने भागून ३९,५१३ उरतात, २५ पैसे गेले. १००च्या जागी १००.० लिहा.

दर मात्र पट्टीच्या ओळीतच साठवा. रोजच्या दराच्या टेबलातून तो दरवेळी उचललात, तर तिथला दर कोणी बदलताच जुन्या पट्ट्यांच्या रकमाही बदलतील. शिवाय लिलावात दर गाडीगणिक ठरतो, दिवसाला एकच दर नसतोच. नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा न साठवण्याची शिस्त) मोडलं असं कोणी म्हणालं तर सांगा, की हा दर त्या सौद्याचा गुणधर्म आहे, म्हणून त्याची जागा पट्टीतच आहे.

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. नाव दोन्ही शीटवर अगदी सारखं दिसतं, तरी व्हीलुकअप (दुसऱ्या शीटवरून माहिती शोधणारं सूत्र) एनए, म्हणजे ‘सापडलं नाही’, देतो. काही नावांनाच असं का होतं?
— विद्यार्थी, निफाड

उत्तर : ज्या नावांना अडतं त्यांत ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ आहे का ते पाहा. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कीबोर्डवरून थेट ‘ऱ’ने टाइप होतं. दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं होतं, तिसऱ्यावरून र आणि नुक्ता (खालचं टिंब). डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. शेजारच्या रकान्यात लेन (अक्षरं मोजणारं सूत्र) लावा : पहिल्याला ६ येतील, बाकी दोघांना ७. त्या नावांत ऱ नसेल, तर शेवटी सुटलेली स्पेस शोधा, ट्रिमने ती जाते.

सबस्टिट्यूटने सगळ्या नावांचं लेखन एकसारखं करून घेता येईल, पण खरा उपाय म्हणजे नावावरून शोधूच नका. निफाड तालुक्यात एकाच नावाचे दोन सभासद मिळणं अवघड नाही. मोबाइल नंबरही ‘की’ (ओळख पटवणारा रकाना) म्हणून घेऊ नका, बाप-लेक एकच नंबर देतात. सभासद क्रमांक घ्या, आणि तो दोन्ही शीटवर एकाच प्रकारचा ठेवा. एकीकडे संख्या आणि दुसरीकडे टेक्स्ट असेल तर पुन्हा एनएच येईल.

सीएसव्ही फाइल डबल क्लिकने उघडल्यावर मराठीची विचित्र चिन्हं होत असतील, तर ती डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल म्हणून आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. बिघडलेली फाइल तशीच सेव्ह करू नका, मग मूळ अक्षरं परत मिळवणं कठीण जातं.

प्रश्न : मुलाने बीसीएला प्रवेश घेतला आहे. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का?
— पालक, ओझर

उत्तर : नको. तो पैसा रॅम आणि एसएसडीवर घाला. डेटाबेस, जावा आणि पायथनला ८ जीबी रॅम पुरते. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा असेल तर १६ लागेल, म्हणून रॅम वाढवता येते का ते दुकानातच विचारा, काही मॉडेलांत ती बोर्डवरच जोडलेली असते. सोबत दोन-तीनशे रुपयांचा माउस घ्या.