बेळगावच्या मराठी वाचनालयातल्या ग्रंथपालाला सरकारी वेतनश्रेणी का नाही?

कारण तो सरकारचा नोकर नाही, संस्थेचा आहे. आणि कर्नाटकाचा कायदा मुळात सरकारी ग्रंथालयांभोवती उभा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं. त्यानंतर म्हैसूरचा 1965 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा इथे लागू झाला. त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर (ग्रंथालयांसाठीचा जादा कर) बसतो, नगरपालिका तो गोळा करून ग्रंथालय प्राधिकरणाकडे भरते (भरायला हवा, थकबाकी हे जुनंच दुखणं) आणि शहर-जिल्हा ग्रंथालयं सरकारचं ग्रंथालय खातं चालवतं. तिथला ग्रंथपाल वेतनश्रेणीवर असतो. वर्गणीवर चालणारं जुनं वाचनालय या रचनेबाहेर राहतं. महाराष्ट्राने 1967 च्या कायद्यात उलट वाट धरली: उपकर नाही, पण संस्थांच्या वाचनालयांना मान्यता आणि अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान. म्हणून पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात अनुदान पोचतं, इकडे संस्थेला सभासद आणि देणगीदारांकडे बघावं लागतं. मात्र महाराष्ट्रातही त्या अनुदानातून तुटपुंजा पगारच निघतो, सरकारी श्रेणी नव्हे. तिथले कर्मचारी तीच मागणी वर्षानुवर्षं करताहेत.

खात्यातच नोकरी हवी असेल तर:
- ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते, पदानुसार पदविकाही चालते. जाहिरात नीट वाचा.
- कन्नड लिहिता-वाचता यायलाच हवं. मराठी माध्यमाचे उमेदवार बहुधा इथेच अडतात, तेव्हा तयारी कन्नडपासून सुरू करा.