प्रवासबंदी, प्रवेशबंदी की मुस्लिमबंदी?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या 'ट्रॅव्हल बॅन'ला प्रवासबंदी म्हणावं की प्रवेशबंदी? आणि काही लेखांत दिसणारा 'मुस्लिम बंदी' हा शब्द बरोबर का?

माझं मत प्रवेशबंदीच्या बाजूनं. प्रवासबंदीत माणसाच्या पायात बेडी पडते, त्याला कुठंच जाता येत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २७ जानेवारी २०१७च्या आदेशानं इराण, इराक, सीरिया, येमेन, लिबिया, सोमालिया, सुदान या देशांच्या नागरिकांना ९० दिवस अमेरिकेचं दार बंद केलं. त्यांना इतरत्र जायला त्या आदेशाची आडकाठी नव्हती. आदेशाच्या शीर्षकातही 'परकीय दहशतवाद्यांच्या प्रवेशापासून' राष्ट्राचं रक्षण असंच होतं. 'ट्रॅव्हल बॅन' रूढ झालं खरं, खुद्द ट्रम्प यांनीही तो शब्द ट्विटरवर ठासून वापरला. पण म्हणून आपण तो शब्दशः उचलायलाच हवा असं नाही.

मुस्लिमबंदीची गोष्ट अवघड. दारूबंदीत दारू बंद, गावबंदीत गावात शिरणं बंद. 'बंदी'च्या आधीचा शब्द नेमकं काय नातं सांगतो, ते समासात दडून राहतं. माणसांचा उल्लेख करताना मराठी सहसा 'ना' लावते: अमक्यांना बंदी. अन् सगळा वाद त्या 'ना'च्या आधी कोण, याचाच होता! डिसेंबर २०१५ मध्ये प्रचारात ट्रम्प यांची मागणी सरळ 'मुस्लिमांना प्रवेशबंदी' अशी होती. आदेशात आलं ते 'सात देशांच्या नागरिकांना'. सातही देश मुस्लिमबहुल. पुढे आदेश दोनदा बदलला आणि तिसऱ्या आवृत्तीत उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएलाही आले (व्हेनेझुएलाचे तर काही अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय तेवढेच). २६ जून २०१८ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ही आवृत्ती टिकवली. बहुमताच्या मते आदेशाच्या मजकुरात धर्माचा उल्लेख नव्हता आणि सुरक्षेचं कारण पुरेसं होतं. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी मात्र भिन्नमतपत्रात ट्रम्प यांची विधानं एकामागून एक मांडली.

तेव्हा बातमीत 'प्रवेशबंदी' लिहावं. 'मुस्लिमबंदी' हा टीकाकारांचा शब्द. लेखात खुशाल वापरा, पण तो आरोप आहे याचं भान ठेवून. आणि जोडूनच लिहा. तोडून लिहिलेला 'मुस्लिम बंदी' म्हणजे मुसलमान कैदी. अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगावरच्या लेखात तो शोभेल, इथं नाही.