मालवाहतूक घटत असेल तर पालघर जिल्ह्यात होणाऱ्या वाढवण बंदराची गरज आहे का?

घट कायमची की तात्पुरती, हे आधी बघा. मी उरणचा, न्हावाशेवा बंदर रोजच्या पाहण्यातलं. 2019-20 मध्ये तिथे सुमारे 50 लाख कंटेनर (वीसफुटी मोजणीने) हाताळले गेले. कोरोनाच्या वर्षी आकडा 47 लाखांच्या आत आला. तेव्हा करळ फाट्यावर ट्रेलर कमी दिसायचे आणि लोक म्हणायचे, बंदर संपलं. 2024-25 मध्ये तोच आकडा 73 लाखांच्या आसपास गेला!

बंदर बांधायला दहा-दहा वर्षं जातात, मंदी दोन वर्षांत सरते. त्यामुळे एका वर्षाच्या घटीवरून क्षमता ठरवता येत नाही. शिवाय प्रश्न खोलीचाही आहे. न्हावाशेव्यात गाळ सतत उपसावा लागतो. वाढवणला नैसर्गिक खोली सुमारे 20 मीटर, म्हणजे सर्वांत मोठी कंटेनर जहाजंही लागू शकतील.

पण 76,220 कोटींच्या या प्रकल्पाची नियोजित क्षमता 2 कोटी 32 लाख कंटेनर आहे, न्हावाशेव्याच्या 2024-25 च्या मालाच्या सुमारे तिप्पट. ती एकदम उभी करू नये, माल येईल तसे धक्के वाढवावेत, असं माझं स्पष्ट मत. आणि तिथल्या मच्छीमारांचा प्रश्न आधी सोडवा. इथल्या प्रकल्पग्रस्तांनी किती वर्षं वाट पाहिली, ते आम्ही जवळून पाहिलंय.