‘तिच्यात स्वतःचं असं काही नाहीच का हो?’

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आईनं खुर्चीत नीट टेकायच्या आतच हे विचारलं, तेही मुलीसमोर. मुलगी बारा वर्षांची. तिला इथे सई म्हणू. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि मायलेकींना विचारूनच लिहितेय.)

सई सहा वर्षं पियानो शिकते. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे, हप्त्यांवर घेतलेला. परदेशी बोर्डाच्या ग्रेड परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास होत आलीय. यंदा क्लासच्या सरांनी तिचं नाव पुण्यातल्या एका स्पर्धेला दिलं. तिथे नुसती सफाई बघत नाहीत. पहिल्या फेरीत नेमून दिलेली रचना, दुसरीत एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन शैलींतल्या दोन रचना, आणि तिसरीत तीन मिनिटं स्वतःचं काहीतरी. पहिल्या दोन फेऱ्या तयार होत्या. तिसरीचं नाव काढलं की पोटात दुखायचं.

डॉक्टरांना दाखवलंत का, हे मी आधी विचारते. दाखवलं होतं, काही निघालं नव्हतं.

“नोटेशन समोर असलं की एक चूक नाही बघा,” आई म्हणाली. “आणि स्वतःचं म्हटलं की बोट उचलत नाही. हिची चुलतबहीण बघा, कायबी वाजवते!”

आईला बाहेर बसवलं आणि सईला विचारलं, घरी पियानो कुठे ठेवलाय?

“हॉलमध्ये. किचनच्या दाराला लागून.”

“आणि चुकलं की?”

“आई आतनं ‘परत’ म्हणते.” मग जरा थांबून, कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं, “मी वाजवतो की मॅडम. पण स्वतःचं चुकलं तर परत कुठनं सुरू करायचं?”

या प्रश्नावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. लिहिलेल्या रचनेत चूक कुठे झाली ते कागद दाखवतो. स्वतःच्या रचनेला कागदच नसतो. सहा वर्षं जिच्या प्रत्येक चुकीला किचनमधून आवाज आला, तिच्या शरीरानं कोरी तीन मिनिटं म्हणजे धोका हे गणित कधीच पक्कं केलं होतं. धोका वाटला की हात गार पडतात, घाम सुटतो, पोट आवळतं. त्यात नाटक नसतं, आणि कल्पकतेच्या अभावाशी तर त्याचा काही संबंध नाही. (तव्यावरची भाकरी उलटता उलटता चुकलेला सूर ओळखणाऱ्या आईच्या कानाचं मला मात्र कौतुकच वाटलं.)

माझ्या खोलीत कपाटावर एक जुनी पेटी असते. ती खाली काढली आणि सईला म्हटलं, फक्त काळ्या पट्ट्या वाजव, पांढरीला हात नाही लावायचा. पेटीवाल्यांना हे ठाऊकच असतं: लागोपाठच्या कुठल्याही दोन काळ्यांत अर्ध्या सुराचं अंतर नसतं, त्यामुळे काहीही दाबलं तरी कानाला टोचत नाही. काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला तर भूप राग, काळी एकला दुर्गा, काळी पाचला मालकंस. सईनं आधी चोरून दाराकडे बघितलं. मग दोन बोटं टेकवली. दहा मिनिटं ती त्या पाच सुरांत नुसती भटकत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले, मुद्दाम.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, आजोबा खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे, तिथली हलगी वाजवून बघू का? हलगीला एका हातात जाड काठी असते, दुसऱ्यात बारीक छडी. तिनं जाड काठी डाव्या हाताला दिली, खालच्या दोन पट्ट्यांवर. छडी उजव्या हाताला, अगदी वरच्या टोकाला. मल्ल एकमेकांना अंदाजत फिरतात तेव्हाची संथ लय, आणि मग पकड बसल्यावरची.

इथे चूक माझी झाली. मी भारावून बोलून गेले, “अगं, हेच स्पर्धेत वाजव!” पुढचा आठवडाभर सईनं पियानोचं झाकण उघडलं नाही. किचनमधल्या आवाजाच्या जागी माझा आवाज गेला होता, एवढंच.

त्यानंतर आईशी बोलले. मागणी एकच होती: रोज वीस मिनिटं दार लावून सईला एकटीला वाजवू द्यायचं. त्या वेळात ‘परत’ नाही आणि ‘छान’ही नाही.

“छान पण नाही?”

“नाही. छान म्हटलं तरी कुणीतरी गुण देतंय हे तिला कळतंच.”

“पण मॅडम, हे पाश्चात्त्य म्हणजे लिहिलंय तसंच वाजवायचं असतं ना?”

असं पुष्कळांना वाटतं. १७४७ मध्ये प्रशियाच्या राजानं एक सुरावट पुढे टाकली आणि म्हाताऱ्या बाख या संगीतकारानं जागच्या जागी तिच्यावर रचना बांधून वाजवली. बेथोव्हेनचं व्हिएन्नात नाव झालं त्यात आयत्या वेळच्या वादनाचा मोठा वाटा होता. आणि आपण थोर गवई अल्लादियाखाँसाहेब जिथे राहिले त्या गावात बसून हे बोलतोय. ऐन मैफलीत राग उलगडणं इथल्या माणसाला समजावून सांगायला लागू नये. आई हसली. पटलं की नाही, सांगता येत नाही.

इतर पालकांसाठी एक वेगळं सांगते. पोटदुखी एकाच प्रसंगाला चिकटलेली असेल तर असं काही करून बघता येतं. पण झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेला जायलाही नको वाटायला लागलं, मूल मित्रमैत्रिणींपासून लांब राहू लागलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही. तिथे काळ्या पट्ट्यांनी भागत नाही.

सई स्पर्धेला गेली. वाजवली हलगीच, तिचं तिनं ठरवून. मधे कुठेतरी डावा हात अडकला, दोन-तीन सेकंद शांतता झाली, मग तिनं संथ लय पुन्हा धरली आणि पुढे गेली. नंबर आला नाही. एका परीक्षकांनी हा ठेका कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “कुस्तीचा.”

परवा आईचा फोन आला होता. सई अजून दार लावून वाजवते. आता वीस मिनिटांची चाळीस झालीत.

“आत काय चाललंय, विचारू का हो मॅडम?”

“नको.”

“बरं,” आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, “पण ते वरचं टोक आज जरा घाईत आलं बघा.”